अठरा पूर्ण! आता सही कुणाची?

'स्पेशल' शाळेतली मुलंही एक दिवस अठरा वर्षांची होतात. कायद्याच्या भाषेत सज्ञान! मग बँक, डॉक्टर, मतदान, नोकरी... निर्णय कुणी घ्यायचे? आणि या वाढदिवसाची तयारी नेमकी कधीपासून करायची?

अठराव्या वाढदिवसाला तुम्ही काय केलं होतं, आठवतंय? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं. आरटीओत जाऊन लर्निंग लायसन्स, मित्रांना पार्टी, जमलंच तर मतदार यादीत नाव. घरी आपला डायलॉग, 'मी आता मोठा झालोय हं!' आणि त्यावर आईबाबांचा पेटंट डायलॉग, 'आमच्यासाठी तू लहानच.' बस्स. त्या एका दिवशी कायद्यानं आपल्या आयुष्यात केवढा फेरफार केला, हे आपल्याला कळतही नाही. कारण कळायची वेळच येत नाही.

पण ज्या घरात डाऊन सिंड्रोम, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी किंवा बौद्धिक अक्षमता असलेलं मूल वाढतंय, तिथे हा वाढदिवस केकसोबत प्रश्नांची थप्पी घेऊन येतो. हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायदा १९५६ चा. त्यानुसार आईवडील 'नैसर्गिक पालक' असतात ते मूल अठरा वर्षांचं होईपर्यंतच. अठरा पूर्ण झाले, की मूल कसंही असो, कागदोपत्री ते सज्ञान. काल त्याच्या वतीनं सही करणारी आई आज त्या कागदापुरती परकी!

हे मला माझ्या मावशीमुळे कळलं. माझा मावसभाऊ २०२४ च्या जूनमध्ये अठरा वर्षांचा झाला. त्याला डाऊन सिंड्रोम आहे. आजीनं त्याच्या नावावर ठेवलेल्या पैशांचं बँकेतलं खातं 'अज्ञान' म्हणून उघडलेलं, त्यावर मावशीची सही चालायची. अठरा झाल्यावर खात्यातले व्यवहार थांबले. मावशी त्याला घेऊन बँकेत गेली. काउंटरवरच्या बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग मावशीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, 'यांच्यासाठी कोर्टाचा कागद आणा.' गंमत म्हणजे पठ्ठ्याला सही येते. शाळेतल्या बाईंनी दोन वर्षं खपून शिकवलेली. तो खिशात पेन घेऊनच आला होता. पण 'तुम्हाला सही येते का?' असं त्याला कुणी विचारलंच नाही.

मावशी घरी आली ती एकच प्रश्न घेऊन, 'आता याच्या जागी सही करायचा अधिकार मला कसा मिळेल?' गेले काही महिने मी या विषयाच्या मागे लागले. कायदे वाचले, पालकांशी आणि विशेष शिक्षकांशी बोलले. आणि माझ्या लक्षात आलं, की हा या प्रवासातला दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न वेगळाच आहे, 'त्याला स्वतःला कशाकशावर सही करता येईल?'

शाळा संपते, पुढे काय?

आधी हक्कांचं बघू. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली झाला आणि एप्रिल २०१७ पासून लागू झाला. १९९५ च्या जुन्या कायद्यात सात प्रकारचं अपंगत्व होतं, नव्या कायद्यात २१ आहेत. ऑटिझम आणि डिस्लेक्सियासारख्या अध्ययन अक्षमता त्यात पहिल्यांदाच आल्या. किमान ४० टक्के अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ या वयात मोफत शिक्षणाचा हक्क आहे. जवळच्या नेहमीच्या शाळेत जायचं की विशेष शाळेत, हे घरच्यांनी निवडायचं.

आता या आकड्यांकडे नीट पाहा. सहा ते अठरा! म्हणजे ज्या दिवशी आईचा सहीचा अधिकार संपतो, साधारण त्याच सुमारास शाळेचा हक्कही संपतो. सकाळी येणारी बस येईनाशी होते. बारा वर्षं ज्या बाई त्याला ओळखत होत्या, त्या आता नव्या मुलांना ओळखायला लागतात. आपल्याकडे दहावी-बारावीनंतर काय, यावर पुरवण्या निघतात, सेमिनार होतात, काउन्सेलर अपॉइंटमेंट देत नाहीत. विशेष शाळेनंतर काय, यावर मात्र घरात शांतता असते. अनेक मुलं मग सरळ घरी बसतात. टीव्ही, मोबाईल, वाढतं वजन आणि आईच्या हातचं जेवण.

यातही सगळ्यांची गाडी एकाच रुळावर नसते. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला पालकत्वाच्या कागदाची गरजच नाही. त्याला गरज आहे ती परीक्षेत जादा वेळेची, लेखनिकाची आणि मुदत न संपलेल्या प्रमाणपत्राची. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांमध्ये किमान ४० टक्के अपंगत्व असलेल्यांसाठी किमान ५ टक्के जागा राखीव आहेत, शिवाय प्रवेशाच्या वयात ५ वर्षांची सवलत. नेहमीच्या बोर्डाचा ताण झेपत नसेल, तर एनआयओएसची मुक्त शाळा आहे, तिथे विषय आपल्या वेगानं सोडवता येतात. ज्यांना पुस्तकी शिक्षण जमत नाही, त्यांच्यासाठी कार्यशाळा आहेत. पुण्यातल्या 'कामायनी'सारख्या जुन्या संस्थांनी शाळेसोबत अशा कार्यशाळा उभ्या केल्या. पण शाळा संपताना 'तू यातलं काय करणार?' हे मुलाबरोबर बसून ठरवायला हवं. आपल्याकडे नेमकी तीच बैठक होत नाही.

न्यू जर्सीची बैठक

ही बैठक कशी असते, ते अमेरिकेतल्या मराठी घरांना विचारा. न्यू जर्सीत आपली माणसं भरपूर. आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत एक तरी 'जर्सीवाली' मैत्रीण असतेच! माझ्याही आहे, आणि तिचा मुलगा तिथल्या स्पेशल एज्युकेशनमध्ये आहे. अमेरिकेनं १९७५ साली अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा केला, आज तो 'आयडिया' या नावानं ओळखला जातो. त्यानुसार अशा प्रत्येक मुलासाठी शाळेला दर वर्षी लेखी आराखडा करावा लागतो. आणि मूल सोळा वर्षांचं होईपर्यंत त्यात 'शाळेनंतर काय' याचा भाग यावाच लागतो. पुढचं शिक्षण, नोकरी, गरज असेल तर स्वतंत्र राहण्याची तयारी, सगळं. न्यू जर्सीत तर ही आखणी चौदाव्या वर्षापासूनच सुरू होते.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र पुढेच आहे. शाळेनंतरच्या आयुष्याची चर्चा ज्या बैठकीत होणार, तिचं आमंत्रण खुद्द मुलाला द्यावं लागतं. बैठक त्याच्याविषयी आणि तोच बाहेर बाकावर, असं चालत नाही! ज्या राज्यांत सज्ञान झाल्यावर शिक्षणाविषयीचे अधिकार आईवडिलांकडून मुलाकडे जातात, तिथे त्याला हे किमान एक वर्ष आधी सांगावं लागतं. आपल्या मावशीला जे बँकेच्या काउंटरवर कळलं, ते तिथे सतराव्या वर्षी शाळेत सांगतात.

तिथे सगळं गोड आहे असं समजू नका. शिक्षणाचा हक्क तिथे साधारण एकविसाव्या वर्षापर्यंत चालतो, पण तो संपल्यावर प्रौढांसाठीच्या सेवांना तिथेही मोठ्या रांगा आहेत. पालकत्व घेऊन टाकण्याची घाई तिथेही होते. म्हणूनच टेक्सासनं २०१५ मध्ये वेगळा रस्ता काढला. निर्णय त्या व्यक्तीचाच, पण समजून घ्यायला तिनं निवडलेला एक विश्वासू माणूस सोबत, असा कायदेशीर करार तिथे करता येतो. नंतर इतर राज्यांनीही तो रस्ता धरला.

आपल्याकडे सोळाव्या वर्षीच्या त्या बैठकीची सक्ती नाही. पण मनाई तरी कुठे आहे?

कलेक्टर ऑफिसातला प्रश्न

आता मावशीच्या प्रश्नाकडे. 'कोर्टाचा कागद' हवाच का? नाही. १९९९ साली संसदेनं राष्ट्रीय न्यास कायदा केला. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता अशा चार गटांसाठी. जुन्या कागदांवर बौद्धिक अक्षमतेसाठी 'मतिमंदत्व' हा शब्द अजून दिसतो. डाऊन सिंड्रोम असलेली बरीच मुलं याच गटात येतात. या कायद्याखाली जिल्ह्याजिल्ह्यांत एक स्थानिक समिती असते. तिच्यावर जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या दर्जाचे अधिकारी, एका नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती असते. समितीनं किमान तीन महिन्यांतून एकदा भेटायचं असतं. आईवडील किंवा नातेवाईक तिच्याकडे अर्ज करू शकतात आणि समिती अठरा वर्षांपुढच्या व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमू शकते. कोर्टाच्या पायऱ्या चढायची गरज नाही. हे प्रमाणपत्र बँकांनी ग्राह्य धरावं, असं रिझर्व्ह बँकेनं २००७ मध्येच बँकांना कळवलं आहे.

इथपर्यंत पुष्कळ पालकांना ठाऊक असतं. पुढचं कुणी सांगत नाही. याच कायद्याच्या चौदाव्या कलमात लिहिलंय, की पालक नेमण्याआधी समितीनं दोन गोष्टी तपासायच्या. एक, या व्यक्तीला पालकाची गरज आहे का? आणि दोन, गरज असलीच तर ती नेमकी कशासाठी? म्हणजे कायद्यानंच गृहीत धरलंय, की काहींना पालक लागणारच नाही!

शिवाय पालक म्हणजे मालक नव्हे. नेमणूक झाल्यापासून सहा महिन्यांत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी समितीला द्यायची आणि दर वर्षी हिशेब सादर करायचा. पालक नीट वागत नसेल, मालमत्तेचा गैरवापर करत असेल, तर त्याला काढायची तरतूदही आहे.

२०१६ चा कायदा याच्याही एक पाऊल पुढे गेला. मालमत्ता बाळगणं, वारसा मिळवणं, आपले पैशांचे व्यवहार सांभाळणं हे अधिकार दिव्यांग व्यक्तीलाही इतरांइतकेच आहेत, असं तो स्पष्ट सांगतो. मदत देऊनही कायदेशीर निर्णय जमत नसेल तर 'मर्यादित पालकत्व', म्हणजे ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक काळापुरतं आणि त्या व्यक्तीच्या इच्छेला धरून. दोघांनी मिळून घेतलेला निर्णय! आणि एक झकास कलम आहे. एखाद्या आर्थिक व्यवहारात मदत करणाऱ्याचा स्वतःचाच हितसंबंध गुंतला असेल, तर त्यानं त्या व्यवहारात मदतनीस व्हायचं नाही. वाड्याच्या वाटणीच्या वेळी अचानक प्रेम उतू जाणारे काका ज्यांनी पाहिलेत, त्यांना या कलमाची किंमत कळेल.

दुसऱ्यानं ठरवलं की...

'अहो, पण त्यांच्या भल्यासाठीच ना? सगळे अधिकार आईकडेच राहिले तर बिघडलं कुठे?' हा प्रश्न मला जवळपास प्रत्येक घरात ऐकू आला. आईबाबांच्या प्रेमाविषयी शंकाच नाही. पण आईबाबा कायमचे नसतात, अधिकार मात्र कुणाच्या तरी हातात जातोच.

पुणेकरांना तर हे माहीत असायला हवं. १९९४ साली शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या बौद्धिक अक्षमता असलेल्या काही स्त्रियांची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. कारण काय दिलं गेलं? मासिक पाळीची स्वच्छता त्यांना जमत नाही. देशभर गदारोळ झाला. त्या स्त्रियांच्या वतीनं सगळ्यांनी ठरवलं होतं, त्यांचं स्वतःचं म्हणणं मात्र त्यात कुठेच नव्हतं.

पंधरा वर्षांनी, २००९ मध्ये, चंदीगडमधलं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. सरकारी संस्थेत राहणारी, सौम्य बौद्धिक अक्षमता असलेली एक सज्ञान तरुणी बलात्कारातून गरोदर राहिली होती. तिला मूल हवं होतं, प्रशासनाला गर्भपात करायचा होता आणि उच्च न्यायालयानं तशी परवानगीही दिली होती. सर्वोच्च न्यायालयानं ती थांबवली. ती सज्ञान आहे, तिची संमती डावलून गर्भपात करता येणार नाही, असं सांगितलं. मानसिक आजार वेगळा आणि बौद्धिक अक्षमता वेगळी, हेही न्यायालयानं तेव्हा अधोरेखित केलं. आपण गप्पांमध्ये या दोन्हींची सर्रास भेळ करतो.

आणखी एक निकाल २०१७ चा. लैंगिक अत्याचाराच्या एका खटल्यात प्रश्न असा आला, की अडतीस वर्षांच्या स्त्रीचं 'मानसिक वय' सहा-आठ वर्षांचं असेल, तर मुलांसाठीचा पॉक्सो कायदा तिला लावता येईल का? सर्वोच्च न्यायालयानं नाही म्हटलं. कायद्यातलं वय म्हणजे जन्मतारखेचं वय. त्या खटल्यापुरता हा निकाल अनेकांना टोचला. पण 'मोठा झाला तरी डोकं पाच वर्षांच्या मुलाचं' असं आपण किती सहज बोलतो, ते आठवा. अठरा वर्षांच्या मुलाला अठरा वर्षांचं शरीर असतं, आवडीनिवडी असतात, राग असतो, कुणीतरी आवडणंही असतं. पाच वर्षांच्या मुलाला हे सगळं नसतं.

मतदानाचंच बघा ना. बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसाला मत देता येत नाही, असा सरसकट समज आहे. कायदा सांगतो, सक्षम न्यायालयानं एखाद्याला विकल मनाचा ठरवलं असेल तरच त्याचं नाव यादीत येत नाही. प्रमाणपत्रावरच्या टक्केवारीचा संबंधच नाही. माझ्या मावसभावानं नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत मत दिलं. कुणाला दिलं, ते विचारल्यावर त्यानं ओठांवर बोट ठेवलं. शाळेत शिकवलं होतं म्हणे!

कालनिर्णयच्या मागचं पान

मग घरच्या घरी काय करता येईल? एका विशेष शिक्षिकेनं मला सुचवलेली युक्ती मी मावशीला सांगितली. मावशीनं गेल्या वर्षीच्या कालनिर्णयचं एक पान उलटं केलं आणि तीन रकाने आखले. 'तो एकटा', 'आम्ही सोबत' आणि 'आम्ही'. रोजच्या आयुष्यातला एकेक निर्णय घ्यायचा आणि कुठल्या रकान्यात जातो ते ठरवायचं. तोसुद्धा टेबलाशी बसलेला.

कपडे, केस, जेवण, कुणाशी बोलायचं, सुट्टीत काय करायचं, हे सगळं 'तो एकटा'मध्ये. डॉक्टर, बँक, मोठी खरेदी 'आम्ही सोबत'मध्ये. आजीच्या ठेवीचं काय करायचं, घराचे कागद, ऑपरेशनसारखा अवघड निर्णय 'आम्ही'मध्ये, पण त्याला समजावून सांगूनच. शेवटी सगळ्यात छोटा रकाना 'आम्ही'चा निघाला! मावशी बराच वेळ त्या पानाकडे बघत बसली होती.

त्या संध्याकाळी आणखी एक गोष्ट कळली. घरच्यांनी त्याच्यासाठी पणत्या रंगवायची कार्यशाळा जवळजवळ नक्की केली होती. त्याला विचारल्यावर तो म्हणाला, 'पणत्या नको. दुकान.' कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात पुडे लावायला त्याला आवडतं, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. पण त्याचं काम म्हणून कुणी त्याकडे बघितलंच नव्हतं. पुढचं वाक्य होतं, 'आणि पगार.' दीदीला, म्हणजे त्याच्या सख्ख्या बहिणीला, एक तारखेला मोबाईलवर पगाराचा मेसेज येतो, तो त्यानं वर्षानुवर्षं पाहिलाय. त्यालाही तो मेसेज हवाय.

बँकेचं म्हणाल तर दुसऱ्या एका शाखेतल्या साहेबांनी त्यालाच समोर बसवलं. खातं म्हणजे काय, पैसे कुणाचे, आईला का घ्यायचं, असे साधे प्रश्न विचारले. १८७२ चा आपला करार कायदा एवढंच बघतो, की करार करताना त्या माणसाला तो समजतोय का आणि त्यात आपलं हित कशात, हे त्याला ठरवता येतंय का. साहेबांचं समाधान झालं आणि मावशीबरोबर संयुक्त खातं उघडलं. पालकत्वाचा अर्ज अजून केलेला नाही. आजीच्या ठेवीसाठी पुढे कदाचित करावा लागेल. पण आता तो नेमका कशासाठी, हे मावशीला सांगता येतं.

प्रत्येक घरात असं होणार नाही, हे मला ठाऊक आहे. काही मुलं बोलू शकत नाहीत, काहींना चोवीस तास मदत लागते. त्यांच्या बाबतीत पालकत्वाचा कागद वेळेवर हातात असणं हीच मोठी सुरक्षितता असते, ऐन हॉस्पिटलच्या दारात तर फारच. पण बोलता न येणारा माणूसही नापसंती दाखवतो, मान फिरवतो, हात सोडवून घेतो. तेही मतच!

तुमच्या ऑफिसात जागा आहे?

पगाराचा विषय निघालाच आहे तर... सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांसाठी किमान ४ टक्के आरक्षण आहे. त्यातला १ टक्का ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सगळ्यांना मिळून. म्हणजे गर्दी मोठी आणि दार लहान. खरी वाढ व्हायला हवी ती आपल्यासारख्यांच्या खासगी ऑफिसांत.

मुंबईत जुहूला 'कॅफे अर्पण' आहे, २०१८ पासून. बौद्धिक आणि विकासात्मक अक्षमता असलेली प्रौढ मंडळी तिथे स्वयंपाकघरापासून टेबलापर्यंतचं काम करतात. 'ओम क्रिएशन्स'नं नव्वदच्या दशकापासून अशा मुलींच्या हातच्या वस्तू आणि खाऊ बाजारात आणलाय. 'मिट्टी कॅफे' तर २०२३ मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयाच्या आवारात पोचला. पुढच्या वीकएंडला यातल्या एखाद्या ठिकाणी जाऊन या. दयेपोटी नाही, कॉफी प्यायला!

आणि सोमवारी ऑफिसात गेलात की एचआरला एक ई-मेल टाका. 'आपलं दिव्यांगांसाठीचं समान संधी धोरण कुठे वाचायला मिळेल?' २०१६ च्या कायद्यानं प्रत्येक आस्थापनेला असं धोरण जाहीर करायला सांगितलंय. वीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या खासगी कंपनीनं त्यात कुठली कामं देता येतील, काय सुविधा मिळतील हेही लिहायचं असतं आणि एक संपर्क अधिकारी नेमायचा असतो. उत्तर यायला किती दिवस लागतात, त्यावरून तुम्हाला पुष्कळ काही कळेल.

भावंडांनो, हे तुमच्यासाठी

विशेष मुलांच्या पालकांचा एक प्रश्न सगळीकडे सारखाच ऐकू येतो, 'आमच्यानंतर कोण?' हे विचारताना नजर हळूच जाते ती दुसऱ्या मुलाकडे. म्हणजे आपल्या वयाच्या, नोकरी करणाऱ्या, हिंजवडी नाहीतर पवईच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या भावा-बहिणीकडे.

मावशीची मुलगी सत्तावीस वर्षांची. स्थळं येतात. बायोडेटात भावाचा उल्लेख करायचा का, यावर घरात तीन मतं आहेत. ऑनसाइटची संधी आली तर घ्यायची का, यावर मात्र ती कुणाशीच बोललेली नव्हती. मनातल्या मनात तिनं नकार देऊन टाकलेला होता. मी तिला विचारलं, 'तुला कुणी थांब म्हटलं का?' म्हणाली, 'नाही गं. जा असंही कुणी म्हटलं नाही.'

या न बोललेल्या गोष्टी फार जड असतात. म्हणून बोलून घ्या. आईबाबांचं मृत्युपत्र आहे का? बँकेतला नॉमिनी हा मालक नसतो, हे त्यांना माहीत आहे का? भावंडाच्या नावावर सगळं थेट ठेवण्याऐवजी त्याच्यासाठी खासगी ट्रस्ट करता येतो, १८८२ च्या ट्रस्ट कायद्याखाली. त्यात पैसा कुणी, कशासाठी, कसा खर्च करायचा ते लिहून ठेवता येतं. आईबाबा सरकारी नोकरीत असतील, तर स्वतः कमवू न शकणाऱ्या अपंग अपत्याला अटींवर आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. पण त्याची नोंद आईबाबा असतानाच करून ठेवलेली बरी. राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' ही एक लाखापर्यंतची आरोग्य विमा योजना आहे, त्यात नाव आहे का बघा.

आणि राहण्याचं? डोंबिवलीजवळ खोणीला पालकांनीच एकत्र येऊन 'घरकुल' उभं केलं, मुळशीच्या कोळवण खोऱ्यात 'साधना व्हिलेज' आहे. अशा ठिकाणी राहणं म्हणजे टाकून देणं नव्हे. आपण तरी नोकरीसाठी घर सोडून फ्लॅटमेट्सबरोबर राहतोच ना? आईबाबा हातीपायी धड असताना, हळूहळू सवय करत तिथे जाणं वेगळं. आणि त्यांच्या पश्चात, तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी बॅग भरून जाणं वेगळं.

कापून ठेवा!

चौदाव्या वर्षी: शाळेत जाऊन 'पुढे काय'ची बैठक मागा, मुलाला घेऊनच. सही, पैसे ओळखणं, बस नाहीतर लोकलचा एक ठरलेला प्रवास, कुकरच्या शिट्ट्या मोजणं यांची सुरुवात करा.

सोळाव्या वर्षी: कामाची चव घेऊ द्या. ओळखीचं दुकान, ग्रंथालय, पोळीभाजी केंद्र. तीन रकान्यांचा कागद करा आणि दर वाढदिवसाला बदला. नको असलेल्या स्पर्शाला 'नाही' म्हणणं हेही याच वयात शिकवायचं.

सतराव्या वर्षी: अपंगत्वाचं प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड, आधार यांच्या मुदती आणि स्पेलिंग तपासा. पुढच्या वर्षी काय बदलणार, हे त्याला सोप्या शब्दांत सांगा.

अठरा पूर्ण झाल्यावर: मतदार यादीत नाव, बँकेत नव्यानं केवायसी. पालकत्व लागणार असेल तर कशासाठी ते लिहून मगच स्थानिक समितीकडे अर्ज. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत बसतो का, याची तहसील कार्यालयात चौकशी.

आणि भावंडांनी, वय कितीही असो: ऑनसाइटची ऑफर नाकारण्यापूर्वी घरी एकदा विचारा. विचारताना त्या भावालाही विचारा. आता तो सज्ञान आहे. कदाचित तो 'जा' म्हणेल, आणि येताना काय आणायचं त्याची यादीही देईल!